काचेवर पाय देऊ नका

मी एक जुना पत्रा आहे. जुना, तुटका, आणि सध्या कारखान्याच्या मागच्या अंगणात भंगाराला टेकून उभा. मित्रांनो, पत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लोखंडाचा, गंजका, वाऱ्यात खडखडणारा कुणीतरी आला असेल. तो मी नव्हे. लोखंडी पत्रे माझे शेजारी होते, पण आमचा फारसा घरोबा नव्हता. मोठ्या छपराकडे आतून पाहिलेत, तर लोखंडी पत्र्यांच्या मध्येच एखादा दुधी पत्रा दिसतो आणि त्यातून खाली उजेड येतो. तो उजेडाचा पत्रा म्हणजे मी.

माझ्यामुळे एक माणूस खाली पडला, असे काही लोक म्हणतात. तो स्वतःच्या मूर्खपणामुळे पडला, असे बाकीचे म्हणतात. दोन्ही खोटे आहे, आणि एवढेच सांगायला मी तोंड उघडले आहे. एरवी माणसांशी बोलायची मला हौस नाही. मी आयुष्यभर त्यांच्या डोक्यावर राहिलो. वरून फक्त टाळू दिसते, आणि टाळू पाहून कुणाबद्दलचा आदर वाढत नाही.

माझा जन्म एका साच्यात झाला. काचेचे बारीक धागे अंथरले, त्यांवर चिकट राळ ओतली, दाबले, तापवले, आणि नागमोडी अंगाचा मी बाहेर आलो. म्हणजे माझ्या अंगात थोडी काच आहे, हे खरे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे हिच्यावरूनच सगळे रामायण घडले. माझ्या कोपऱ्यावर एक चिठ्ठीही डकवली होती, ‘यावर उभे राहू नये’. डिंक लावताना कुणीतरी काटकसर केली असावी, कारण मला छपरावर चढवेपर्यंत ती चिठ्ठी वाऱ्यावर उडून गेली होती. माणसांच्या काळजीची ही माझी पहिली ओळख.

ज्या कारखान्यावर मला बसवले, तिथे सौर पॅनल बनत. कागदासारखे पातळ, काळेनिळे सेल ओळीने जोडायचे, त्यांवर जाड काच ठेवायची, मागे प्लास्टिकचा पडदा लावायचा आणि सगळे गरम यंत्रात दाबून एकजीव करायचे. मग चौकट बसवायची, की झाला पॅनल. सेल जोडताना धूर निघे, काचेच्या कडा बोटे कापत, आणि गरम यंत्राजवळ माणूस घामाने भिजून निघे. उन्हातून वीज काढणारे हे स्वच्छ काम लांबूनच फार स्वच्छ दिसते.

माझ्या बरोबर खाली तपासणीचे टेबल होते. त्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंना कारखान्यातले सगळे पुरुष वहिनी म्हणत, कारण त्यांचे यजमान याच कंपनीत फिटर होते. लोकांच्या छपरांवर जाऊन पॅनल बसवायचे हे त्यांचे काम. कारखान्यातल्या बाया त्या यजमानांना दाजी म्हणत. म्हणजे ती सगळ्यांची वहिनी आणि तो सगळ्यांचा दाजी, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघांना एकमेकांशी धड बोलताही येत नसे, इतके नातेवाईक भोवती जमत.

वहिनी पॅनल तिरपा करून माझ्या उजेडात धरत. सेलला केसाएवढा तडा असला तरी तो त्यांना दिसे. शेजारची नवी मुलगी एकदा बल्बखाली तपासायला लागली, तेव्हा वहिनी तिला म्हणाल्या, “इकडे ये गं. बल्बखाली सगळं गोडच दिसतं. खरं काय ते ह्या पत्र्याखाली कळतं.”

मित्रांनो, माझी एवढीच स्तुती झाली, आणि ती मला पुरली. उन्हात माझा रंग पिवळट झाला, अंग कोरडे आणि ठिसूळ होत गेले, पण त्या टेबलावर मी रोज उजेड पोचवत होतो. त्या काळात मी सुखी होतो, हे मला कबूल करायला हरकत वाटत नाही.

मग सुरक्षासाहेब आले.

कामगारांचा जीव सांभाळायचा, हे त्यांचे काम. त्यांना मी शत्रू मानत नाही. शत्रूला निदान अक्कल असते. साहेब वाईटही नव्हते. ते नीटनेटके होते, आणि नीटनेटकेपणा म्हणजेच सुरक्षा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी आल्या आल्या भिंतींवर पाट्या लावल्या. हातमोजे काचेच्या कपाटात रचून ठेवले, आणि ते मळतील म्हणून पाहुणे येण्याच्या दिवशीच बाहेर काढले. धूर ओढणारा पंखा फार आवाज करतो, सभेत बोलताना त्रास होतो, म्हणून तो बंद ठेवला. औषधाच्या पेटीतल्या पट्ट्या लोक उगाच संपवतात, म्हणून पेटीला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. वर्षातून एकदा घोषवाक्यांची स्पर्धा होई. ‘हेल्मेट असू द्या डोक्यावर, लक्ष असू द्या कामावर’ या ओळीला पहिले बक्षीस मिळाले. बक्षीस म्हणून पाण्याची बाटली दिली होती, आणि जिंकणारा मुकादम होता. सेल जोडणाऱ्या बाया त्या दिवशीही खोकतच होत्या.

छपरावर मात्र साहेब कधी चढले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मी ऐकून होतो. हे गृहस्थ शेळीवर बसून उंट हाकत होते.

एकदा बाहेरून मोठे गिऱ्हाईक येणार होते. कारखान्याचे वरून चित्र काढायला उडता कॅमेरा मागवला होता. त्यात गंजके पत्रे दिसले, तर मालकांची शोभा झाली असती. साहेबांनी छपराला पांढराशुभ्र रंग द्यायचे ठरवले. रंगाऱ्यांनी फळ्या टाकून काम सुरू केले. माझ्याजवळ आल्यावर त्यांच्यातला एक जण थांबला. त्याने खाली उभ्या असलेल्या साहेबांना फोन लावला.

“साहेब, हे मधले प्लास्टिकचे पत्रे सोडायचे ना?”

खालून साहेबांचा आवाज मला फोनमधून आणि हवेतून असा दोनदा ऐकू आला. “सोडू नका! मध्ये मध्ये पट्टे दिसतील. सगळं एकसारखं झालं पाहिजे.”

“पण साहेब, मग कळणार कसं, कुठला...”

“अहो, रंग द्यायला सांगितलाय ना, तेवढा द्या!”

रंगारी म्हणाला, “बरं.” त्याला वाटले, आपल्याला काय करायचे आहे. मित्रांनो, जगातली निम्मी घरे या ‘बरं’ने पडतात. माझ्या अंगावर रंगाचा पहिला हात पडला, मग दुसरा, आणि मी आंधळा झालो. शेजारचा लोखंडी पत्रा आणि मी, आता जुळे भाऊ दिसत होतो. उडत्या कॅमेऱ्याचे चित्र फार सुरेख आले म्हणे.

खाली अंधार पडला. वहिनी साहेबांकडे गेल्या.

“साहेब, वरचा उजेड गेला हो. तडे दिसत नाहीत.”

“ट्यूबलाइट लावून देतो की, वहिनी. आता ढग आले तरी तुम्हाला काळजी नाही.”

“ट्यूब पॅनलच्या काचेत चमकते, साहेब. डोळ्यावर येते.”

“सवय होईल,” साहेब म्हणाले, आणि ते पुढे गेले.

दिव्याखाली अंधार, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आमच्याकडे अंधाराखाली दिवे लावले. पण खरी अक्कल तर यापुढे आहे. ट्यूबलाइट लावल्यावर विजेचा खर्च वाढला, आणि मालकांना साक्षात्कार झाला की आपण पॅनल बनवतो, मग ते आपल्याच छपरावर का बसवू नयेत! म्हणजे बघा. जे ऊन माझ्यातून फुकट खाली जात होते, ते रंग लावून अडवले. मग त्याच उन्हाची वीज करायला पॅनल आणले. आणि त्या विजेवर ट्यूब पेटवून उन्हाचे काम करून घ्यायचे ठरले, तेही वाईट. याबद्दल त्यांचा एका समारंभात सत्कारही झाला. शाल घेताना मालक लाजले होते, असे मुकादम सांगत होता.

छपरावर पॅनल बसवायला बाहेरच्या कामावरून दाजींना बोलावले. या छपरावर ते पहिल्यांदाच चढत होते. त्यांचा जोडीदार होता खिळ्या. तो इतका बारीक होता, की दुसरे नाव त्याला शोभलेही नसते. दोघांच्या कमरेला सुरक्षेचे पट्टे होते. पट्टे नवे आणि चांगले होते. त्यांना दोर आणि हुकही होता. फक्त हुक अडकवायला छपरावर कुठे कडी किंवा तार नव्हती. ती लावायची राहून गेली होती. मग हुक लोंबकळत पायात येऊ नये, म्हणून सगळे जण तो आपल्याच पट्ट्यात अडकवून ठेवत. आपला हुक आपल्याच कमरेला लावून माणसे उंचावर फिरत होती, आणि खालून साहेब विचारत, “पट्टा घातलाय ना?” वरून उत्तर जाई, “घातलाय, साहेब!” उत्तर खरेच होते.

हे सगळे पाहून मला हसू येत असे. आता येत नाही.

आता एका शब्दाबद्दल सांगतो. साहेबांच्या कचेरीत इमारतीचा नकाशा होता. त्या नकाशात आम्हा उजेडाच्या पत्र्यांच्या जागी ‘काच’ असे लिहिले होते, कारण इमारत बांधणाऱ्याच्या लेखी जिथून उजेड येतो ती काच. माझ्या अंगातले धागे पाहता तो अगदीच चुकला होता, असेही नाही. पण कारखान्यात मला काच कोणीच म्हणत नव्हते. तिथे काच म्हणजे पॅनल. “आज काचा किती झाल्या?” म्हणजे पॅनल किती तयार झाले. “काच धर रे नीट,” म्हणजे पॅनल धर. पॅनल बनवणाऱ्या माणसाच्या तोंडात काच या शब्दाला दुसरा अर्थच उरलेला नव्हता. आणि मी होतो पत्रा, उजेडाचा का होईना, पण पत्राच.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी साहेब सगळ्यांना ओळीत उभे करून भाषण देत. नकाशा पाहून त्यांनी छपरावरच्या लोकांसाठी एक सूचना शोधून काढली होती, आणि ती अगदी योग्य सूचना होती. ते बोट उंचावून म्हणत, “वर गेल्यावर काचेवर पाय द्यायचा नाही! फक्त पत्र्यावर पाय द्यायचा! कळलं?”

“हो!” सगळे एका सुरात ओरडत. दाजींचा आवाज सगळ्यांत मोठा असे. त्यांना ही सूचना जरा पोरकट वाटे. पॅनलवर पाय देऊ नये, हे फिटरला काय सांगायचे? पॅनलवर पाय दिला तर आतला सेल फुटतो, हे तर त्यांना झोपेतही ठाऊक होते. साहेबांना वाटे, आपण सांगितले. कामगारांना वाटे, आपण ऐकले. ‘काच म्हणजे कुठली काच, साहेब?’ एवढे विचारायला कुणाची जीभ झडली नसती. पण सकाळी लवकर सुटायचे असते आणि मान हलवायला कष्ट पडत नाहीत. नंदीबैलही मालकाने ढोलके वाजवल्यावरच मान हलवतो. इथे तर ढोलक्याचीही गरज पडत नव्हती.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. आमच्यावर पॅनल बसवू नयेत, एवढे पॅनलच्या जागा आखणाऱ्याला कळले होते. म्हणून त्याने आमची ओळ मोकळी सोडली. दोन्ही बाजूंना पॅनलच्या रांगा आणि मध्ये मोकळी, पांढरी, सपाट दिसणारी वाट. माणसाला चालायला आवडेल अशीच वाट होती ती.

त्या दिवशी कामावर येताना वहिनी दाजींना म्हणाल्या होत्या, “अहो, आज तुमचं काम माझ्या टेबलाच्या वर आहे. माझ्या डोक्यावर पाय देऊ नका हं.”

“वरून तुझं डोकं दिसायला तर हवं,” दाजी हसून म्हणाले. “वर सगळं पांढरं आहे. कुठला तुझा उजेडाचा पत्रा, कळतच नाही.”

“मग जपून जा.”

“मी काय आज चढतोय?” असे म्हणून दाजी शिडीकडे गेले. हा त्यांचा लाडका सवाल होता. शूर माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे.

दुपारच्या उन्हात दाजी आणि खिळ्या एक पॅनल दोन टोकांना धरून आमच्या ओळीकडे आले. दाजी उलट्या पावलांनी चालत होते. मागे आधीच बसवलेल्या पॅनलची रांग होती.

“दाजी, मागं काच आहे, जपून,” खिळ्या म्हणाला.

दाजींनी मान वळवून पाहिले. “बघितली,” ते म्हणाले. आणि काचेवर पाय पडू नये, म्हणून त्यांनी तो मोठ्या काळजीने बाजूला, पांढऱ्या मोकळ्या वाटेवर ठेवला.

तो पाय माझ्यावर पडला.

मित्रांनो, मी त्यांना धरले का नाही, असे तुम्ही विचाराल. मला उजेड धरायला बनवले होते. माणसाचे ओझे धरायला मला कुणी बनवले नाही, आणि इतक्या वर्षांच्या उन्हाने माझ्या अंगात होती नव्हती ती ताकदही शोषून घेतली होती. मी मधोमध फुटलो. दाजी काखेपर्यंत खाली गेले. हातातला पॅनल घसरत दूर गेला. त्यांची कोपरे खालच्या लोखंडी पट्टीवर अडकली आणि ते लोंबकळत राहिले. त्यांचा हुक त्यांच्याच कमरेला अडकलेला होता, अगदी नियमाप्रमाणे.

खाली वहिनींच्या टेबलावर कितीतरी महिन्यांनी ऊन पडले. त्यांनी वर पाहिले. त्या उन्हात दोन पाय हलत होते. एका बुटाची नाडी काळी होती आणि दुसऱ्याची पांढरी, कारण जोड न मिळाल्यामुळे वहिनींनीच तशी ओवली होती. त्यांना आणखी काही पाहावे लागले नाही.

“अहो!” एवढाच एक आवाज त्यांच्या तोंडून निघाला. मग त्या वळल्या आणि ओरडल्या, “फोम आणा गं! पॅकिंगचा सगळा फोम इकडं ओढा! टेबल हलवा!”

आणि बाया धावल्या. सांगायला बरे वाटते, म्हणून सांगतो, की त्या वेळी कुणी कुणाची वाट पाहिली नाही. पॅनल गुंडाळायचे फोमचे तक्ते त्यांनी ओढत आणले, त्यांवर प्लास्टिकच्या पडद्याच्या गुंडाळ्या टाकल्या. टेबल ढकलले, पण त्याचा एक पाय जमिनीत पक्का बसवलेला निघाला आणि ते पुरते हलले नाही. वर खिळ्याने पालथे पडून दाजींची कॉलर धरली होती. “सोडू नको रे,” दाजी म्हणत होते. “नाही सोडत,” खिळ्या म्हणत होता. कॉलर फाटली.

दाजी फोमवर पडले, पण मांडी टेबलाच्या कडेवर आपटली आणि हाड मोडले. त्यांचा जीव वाचला. कपाळातून रक्त येत होते. औषधाची पेटी भिंतीवर कुलूपबंद होती, आणि किल्ली साहेबांच्या खिशात होती, आणि साहेब सुरक्षेच्या सभेला बाहेरगावी गेले होते. वहिनींनी आपली ओढणी फाडून कपाळाला बांधली. पेटीवर लिहिले होते, ‘आपली सुरक्षा, आमची जबाबदारी’.

साहेब परतले आणि त्यांनी सगळ्यांपुढे दुःख व्यक्त केले. मग ते म्हणाले, “मी रोज सांगत होतो. रोज! काचेवर पाय देऊ नका. तरी दिला. आता काय करायचं?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणतात ते असे. सगळ्या कारखान्यात बोलणे पसरले, की दाजींनी सूचना मोडली. मुकादम तर सांगू लागला, की दाजींना पहिल्यापासूनच मस्ती होती. आणि साहेबांनी उपाय काय केला? शिडीजवळ नवी पाटी लावली. आधीच्या पाटीपेक्षा मोठी, लाल अक्षरांची, ‘काचेवर पाय देऊ नका’. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दाजी घरी पलंगावर पाय टांगून पडले होते. वहिनी कामावर येत, टेबलाजवळ उभ्या राहत आणि वरच्या भोकाकडे पाहत. माझा अर्धा तुकडा खाली पडला होता, पण दुसरा अर्धा अजून वर स्क्रूंना लटकत होता. त्यामुळे मला सगळे दिसत होते. एकदा त्या शेजारच्या मुलीला म्हणाल्या, “पाय मोडला त्याचं एवढं नाही गं. पण ते रात्रंदिवस एकच विचारतात, ‘मी काचेवर पाय दिलाच नव्हता, मग मी पडलो कसा?’ त्यांना स्वतःचंच खरं वाटेनासं झालंय.”

हे ऐकले, आणि माणसांच्या मूर्खपणाचा मला प्रथमच नुसता तिटकारा आला नाही, रागही आला. हाड सांधते. पण ज्याने सांगितले तसेच केले, त्याला आपणच चुकलो असे वाटायला लावणे, हे कसे सांधायचे?

पुढे अपघाताची चौकशी करायला सरकारी तपासनीस बाई आल्या. मोजके बोलणाऱ्या, आणि पायात मजबूत बूट. कारखान्याच्या मधोमध, नेमक्या माझ्या भोकाखाली, सगळे जमले.

साहेब म्हणाले, “मॅडम, सूचना रोज दिली जात होती. हवं तर कुणालाही विचारा.”

बाईंनी विचारले. “सूचना देत होते का?”

“हो, देत होते,” सगळे म्हणाले. पुन्हा तेच, एका सुरात. खिळ्याही म्हणाला. खोटे तर नव्हते. साहेबांनी खांदे जरा सैल सोडले.

तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, “बाई, एक विचारू का? काच म्हणजे काय, तेही विचारा ना सगळ्यांना.”

“म्हणजे?” बाई म्हणाल्या.

“काचेवर पाय देऊ नका, म्हणजे कशावर?”

बाईंनी खिळ्याकडे पाहिले. खिळ्या म्हणाला, “पॅनलवर. आणि कशावर?”

“पॅनलवरच,” दुसरा फिटर म्हणाला. सेल जोडणाऱ्या बाया म्हणाल्या, “काच म्हणजे पॅनलच की.” मुकादम म्हणाला, “पॅनल,” आणि मग साहेबांकडे पाहून दोन पावले मागे सरकला.

“अहो, काय बोलताय तुम्ही!” साहेब म्हणाले. “काच म्हणजे ते छपरातले, ते पारदर्शक...”

“त्यांना आम्ही पत्रा म्हणतो, साहेब,” वहिनी म्हणाल्या. “उजेडाचा पत्रा. आणि तुम्हीच सांगायचा ना, फक्त पत्र्यावर पाय द्या. माझ्या माणसानं पत्र्यावरच पाय दिला.”

 

साहेबांचा चेहरा लाल झाला. “शब्दांचा खेळ करू नका. डोळे आहेत ना प्रत्येकाला? वर गेल्यावर दिसतं की, लोखंड कुठलं आणि काच कुठली!”

“मग दाखवा मला,” तपासनीस बाई म्हणाल्या.

अशा रीतीने, मित्रांनो, सुरक्षासाहेब जन्मात पहिल्यांदा छपरावर आले. बाई शिडीच्या माथ्यावरच्या कठड्यात उभ्या राहिल्या. खिळ्या त्यांच्याशेजारी. साहेबांनी खास पाहुण्यांसाठीचा कोरा पट्टा घातला होता, आणि हुक कुठे लावायचा ते न कळल्याने आपल्याच कमरेला लावला होता. ते तरातरा पुढे गेले.

“हे बघा,” ते म्हणाले आणि बोट दाखवले. “ही काच.”

“तो लोखंडी आहे, साहेब,” खिळ्या म्हणाला.

“मग हा.”

“तोही लोखंडीच.”

साहेबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. सगळे पांढरे होते. सगळे एकसारखे, जसे त्यांना हवे होते तसे. आणि मग त्यांच्या पायांपुढे थोड्याच अंतरावर त्यांना मी दिसलो. माझा फुटका काठ, आणि भोकातून खोल खाली वहिनींचे टेबल. त्यांचा उचललेला पाय हवेतच राहिला. मी त्यांना इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. 

“कुठे... अरे, कुठे पाय ठेवू?” ते हळूच म्हणाले.

खिळ्या जागचा हलला नाही. तो शांतपणे म्हणाला, “पत्र्यावर ठेवा, साहेब. फक्त काचेवर देऊ नका.”

 साहेब हळूहळू खाली बसले, दोन्ही हात टेकले आणि रांगायला लागले. पण कुठल्या बाजूला रांगायचे, तेही त्यांना कळेना, म्हणून ते तसेच थांबले. शेवटी खिळ्या स्क्रूंच्या रेषेवरून, म्हणजे जिथे खाली लोखंडी पट्टी असते तिथून, पाऊल टाकत गेला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आला. मला वाटले होते, मला हसू येईल. मी त्या क्षणाची मनात फार वाट पाहिली होती. पण त्यांनी खिळ्याचा हात लहान पोरासारखा घट्ट धरून ठेवला होता, आणि हसू आले नाही. तिटकारा मात्र कमी झाला नाही, हेही सांगून टाकतो.

दाजींची चूक नव्हती, हे तपासनीस बाईंनी सगळ्यांसमोर सांगितले. खिळ्या ते सांगायला त्याच संध्याकाळी दाजींच्या घरी धावला. आमच्या रांगेतल्या सगळ्यांचा रंग खरवडला गेला आणि खाली लोखंडी जाळी बसली. छपरावर तार ओढली, आता हुक त्या तारेला लागतो. शिडीजवळची लाल पाटी काढली. औषधाच्या पेटीचे कुलूप तोडावे लागले, कारण किल्ली सापडलीच नाही.

मला काढून इथे आणून ठेवले. परवा दाजी काठी टेकत आले होते. वहिनी सोबत होत्या. दाजींनी काठीने मला टकटक वाजवले.

“हाच का गं तो?”

“हाच.”

“चांगला आहे की अजून. घरी नेऊ या? न्हाणीवर टाकता येईल.”

“नको,” वहिनी म्हणाल्या. “पावसात गळायला लागला, की तुम्ही परत त्याच्यावर चढाल.”

दाजी हसले. मग हात पुढे करून त्यांनी माझ्या तुटक्या कडेवरचा उरलेला पांढरा रंग नखाने खरवडला. थोडा वेळ खरवडत राहिले. त्या जागेतून मागची भिंत अंधुक दिसायला लागली, तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, “असं दिसत असतं, तर मी दिला असता का गं पाय?”

“नसता दिला,” वहिनी म्हणाल्या.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी छपरावर चढाल, कुणी खाली उभे राहून बोट दाखवाल. माणसे अधूनमधून पाट्या वाचतात आणि रोज माना हलवतात, त्यांच्याकडून मला फारशी आशा नाही. तुमच्याकडून थोडी आहे. माझ्या अंगात काच आहे, आणि लोक मला पत्रा म्हणतात. मी उजेड धरतो, माणसाला धरू शकत नाही. तुमच्या वाटेत माझ्यासारखे पुष्कळ जण येतील, रंग लावलेले, एकसारखे दिसणारे. कुणी काही सांगितले, की ‘हो’ म्हणायच्या आधी ‘म्हणजे काय?’ एवढे विचारा. विचारून झाल्यावर मगच पाय उचला.